मिस रोडांच्या हाताला मानवेल असं पिस्तूल

केंटकीच्या आमच्या डोंगराळ भागात रोडा टॅकेटना सगळे आदराने ‘मिस रोडा’ म्हणायचे. सत्तावीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. नवरा खाणीतल्या अपघातात गेला, मूलबाळ नाही आणि घर ओढ्याच्या पार टोकाला. शेरीफला फोन केला तरी माणूस यायला पाऊण तास लागायचा. म्हणून पन्नाशीत त्या पिस्तूल चालवायला शिकल्या. इतक्या तयार झाल्या, की पुढे दर शनिवारी आमच्या बंदुकांच्या दुकानामागच्या मैदानात बायकांना शिकवू लागल्या. दुकानाचा काउंटर मी सांभाळायचो.

कुणी मुठीत मावणारं चिमुकलं पिस्तूल मागितलं, की मिस रोडा मध्ये पडायच्या. “दिसायला गोड आहे गं, पण उडवलंस की हाताला डसेल. दहा गोळ्यांनंतर सराव सोडशील.” मग त्या बाईच्या कमरेला पिस्तुलाचा रबरी नमुना अडकवून तिला वाकायला, गाडीत बसायला, कोटाची बटणं लावायला सांगायच्या. “टोचलं, की ते कपाटात जाणार. कपाटातलं पिस्तूल तुझ्या काय कामाचं?”

एका फेब्रुवारीत शिकवताना त्यांच्या बोटांतून पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे गोळी भरताना मागे ओढायचा वरचा भाग, निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. “तेल जास्त झालंय मेल्याला,” म्हणून त्या हसल्या. नंतर मी पुसायला घेतलं तेव्हा पिस्तूल कोरडं ठणठणीत होतं. पुढचे तीन शनिवार त्या आल्याच नाहीत.

चौथ्या आठवड्यात बुधवारी सकाळीच आल्या. दुकानात आम्ही दोघंच होतो. अंगठ्याचा सांधा टम्म सुजला होता.

“संधिवात,” त्या म्हणाल्या. “कुणाला बोललास तर बघ.”

“मी कशाला बोलतोय?”

मी तीन पिस्तुलं पुढ्यात ठेवली. पहिल्या दोन्हींची स्लाइड त्यांना अर्धीच ओढता आली. तिसऱ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थोड्या हलक्या गोळीचं, मऊ स्प्रिंगचं ते पिस्तूल. त्याला त्या स्वतःच ‘आजीबाईचं खेळणं’ म्हणायच्या.

“ते उचल इथून.”

“मिस रोडा, तुमच्या जागी दुसरी कुणी असती तर काय सांगितलं असतंत?”

“नखरे सोड, असं सांगितलं असतं.” त्यांनी तिसरं पिस्तूल जवळ ओढलं. मग म्हणाल्या, “फार शहाणा झालायस. आण गोळ्यांचा डबा.”

मैदानात त्यांनी आधी आपल्या जुन्या पिस्तुलाने प्रयत्न केला, स्लाइड मला ओढून द्यायला लावली. मनगटाने धक्का पेलला नाही, दोनदा गोळी अडकली, आणि ती काढायला मला पुढे व्हावं लागलं. तेव्हा त्यांनी मान फिरवली. मीही बघितलं नाही. मग ते खेळणं घेतलं. पहिल्या काही गोळ्या खाली, डावीकडे गेल्या. पन्नास संपल्या तेव्हा एकही अडकली नव्हती, आणि शेवटच्या वीस तर बशीएवढ्या जागेत बसल्या होत्या.

त्या बाकावर बसल्या, हातमोजा काढला आणि बोटं चोळत राहिल्या. “वाईट नाहीये,” एवढंच म्हणाल्या. डोळे ओलावले होते.

मग ते पिस्तूल कमरेला लावून, वर कोट घालून आमच्या दारातली कुत्र्याच्या खाण्याची गोणी उचलायला वाकल्या. मागून कोटाखालून पिस्तुलाची मूठ डोकावली. पट्ट्यावरचं पिस्तुलाचं म्यान चार बोटं पुढे सरकवलं, पुन्हा वाकल्या. आता काही दिसेना.

पुढच्या शनिवारी मला वाटलं होतं, त्या हात लपवतील. त्यांनी तर वर्गासमोर दोन्ही हात उलगडून धरले. “बघा, ही बोटं माझं ऐकत नाहीत. म्हणून मी हे घेतलंय. मी ह्याची टिंगल करायचे, चुकलं माझं.” स्लाइड ओढता येत नाही म्हणून लाजून सोडून गेलेल्या दोन म्हाताऱ्या, आयडा आणि वर्बेना, महिन्याभरात परत आल्या.

मिस रोडांनी आणखी चार वर्षं शिकवलं. नजर अधू झाली तेव्हा पिस्तूल स्वतःहून माझ्याकडे आणून दिलं, आणि घरी दोन दांडगे कुत्रे पाळले.

“ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं,” त्या म्हणाल्या.