माठाच्या कोपऱ्यातला कॉम्प्युटर

बाळांनो, परवा धाकट्याने फोनवर विचारलं, "आजी, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये कोणते पार्ट आहेत? सोलापूरच्या उन्हाळ्यातसुद्धा तो तापत कसा नाही?" त्याला या सुट्टीत स्वतःचा पहिला कॉम्प्युटर जोडायचा आहे, तोही कमी खर्चात. मी पार्टची नावं सांगितली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नावांचा त्याला फारसा उपयोग नाही, त्यातले निम्मे पार्ट आता मिळतही नाहीत. तो कॉम्प्युटर आधी कुठे ठेवला होता आणि तिथून का हलवला, हे कळलं तर जास्त उपयोग होईल. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे. माझी सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेली, तेव्हा इंग्रजीत लिहिणं सोपं पडलं असतं. पण इंग्रजी वाचायला तुम्हाला तिकडे सगळंच आहे. हे सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा.

तुम्ही तिकडे परदेशात राहायला गेलात त्यानंतर पहिलं वर्षभर आपण दर रविवारी व्हिडिओवर बोलायचो. बोलायचो म्हणजे मी विचारायचे, काय जेवलात, तुम्ही म्हणायचात, पास्ता. शाळा कशी आहे, तर बरी आहे. मग थोरलीची नजर स्क्रीनवरून बाजूला जायची आणि तुमची आई मागून म्हणायची, "आजीशी बोला ना नीट." मला ते ऐकून कसंतरी व्हायचं.

नंतर थोरलीनेच मला तुम्ही दोघं खेळायचात त्या ऑनलाइन गेममध्ये घेतलं. तुमच्या बाबांचा कॉलेजमधला जुना कॉम्प्युटर घरात होता, त्यावर मी शिकले. नदीकाठी आपण तिघांनी गाव वसवलं, घरं बांधली, शेळ्या पाळल्या. मेथी निवडताना बायका जशा बोलतात तशा तुम्ही दोघं तिथे बोलायला लागलात. हात कामात असले की बोलणं आपोआप येतं. धाकट्याचा दात पडलेला मला तिथेच कळला. वर्गातली एक मैत्रीण शेजारी बसेनाशी झाली, हे थोरलीने कुंपण घालता घालता सांगितलं. तुमच्या आईला ते तोवर माहीत नव्हतं.

आणि एप्रिल आला. आमच्या घराचा स्लॅब दिवसभर तापतो आणि तुमची रविवारची सकाळ म्हणजे इथली संध्याकाळ, स्लॅबमधली उष्णता खोलीत उतरण्याची वेळ. जुना कॉम्प्युटर खेळता खेळता बंद पडायला लागला. पडदा एकदम काळा. तिकडे तुमच्या पडद्यावरून मी नाहीशी व्हायचे, तुम्ही वाट बघत थांबायचात आणि तेवढ्यात लांडगे शेळ्या न्यायचे. असं लागोपाठ तीन रविवार झालं. तिसऱ्या वेळी थोरली म्हणाली, "इट्स ओके, आजी. तू नाही खेळलीस तरी चालेल. आपण फोनवर बोलू." ती चांगल्या मनानेच म्हणाली. पण फोनवर बोलणं म्हणजे पुन्हा पास्ता, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी नवी पेठेत कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार माझा जुना विद्यार्थी निघाला.

"बाई, तुम्ही? या की. काय पाहिजे, प्रिंटर?"

"गेम खेळायचा कॉम्प्युटर. सुटे पार्ट दे, मी घरी जोडीन."

"नातवासाठी व्हय?"

"माझ्यासाठी."

तो शेजारच्या दुकानात ऐकू जाईल असा हसला. "आमाला खेळाच्या तासाला डबल व्याकरण शिकवलंत, आणि आता तुमी गेम खेळणार?" मग त्याने काचेचा, आत रंगीत दिवे असलेला कॅबिनेट पुढे केला. "हे बघा, लई भारी दिसतंय."

"दिसायला नको, थंड राहायला हवा."

"मग हा जाळीवाला न्या. दिसायला काई नाही, पण हवा खेळती राहते."

प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मी मुद्दाम कमी वीज खाणारे घेतले. आपला गेम साधा होता, त्याला मोठं कार्ड नको होतं, आणि जेवढी वीज आत जाते तेवढीच उष्णता बाहेर येते. पंखे तीन, दोन पुढून हवा आत ओढणारे, एक मागून बाहेर टाकणारा. पंख्याच्या कडेला बारीक बाण असतो, हवा त्या दिशेने जाते. धाकट्या, तो बघितल्याशिवाय स्क्रू लावू नकोस. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावतात, ती हरभऱ्याच्या दाण्याएवढी, जास्त नको.

जेवणाच्या टेबलावर मी फोनवरचा व्हिडिओ बघत जोडणी करत होते तेव्हा आजोबा चष्मा वर करून बघत होते.

"दुधाचं कपाट आणलंस की काय? जाळी तशीच आहे."

"अहो, कॉम्प्युटर आहे."

"मांजर तोंड घालणार नाही ना, एवढं बघ."

कॉम्प्युटर सुरू झाला आणि आता तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न आला. घरात सगळ्यात थंड जागा एकच, माठाचा कोपरा. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळातली ती दगडी भिंत उत्तरेची, तिला कधी ऊन लागत नाही. दोन्ही बाजूंनी भिंती, वर फडताळ. मी माठ हातभर सरकवला आणि त्या जागी कॉम्प्युटर बसवला, अगदी भिंतीला टेकवून. कशी नीटनेटकी जागा झाली, असं वाटलं.

पहिल्याच रविवारी अर्ध्या तासात पंखे घोंघावायला लागले. गेम अडखळला आणि थोड्या वेळाने पडदा काळा. मी सगळं उघडलं, पेस्ट पुन्हा लावली, पंख्यांचे बाण तपासले. कुठे चूक नव्हती. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "कूलरसमोर ठेवा की." पण कूलरची हवा ओली आणि आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचा पांढरा थर सगळीकडे बसतो. ते मी केलं नाही. पुढच्या रविवारी तेच झालं. तेव्हा थोरली म्हणाली, "आजी, नेक्स्ट संडे माझं फ्रेंड्सबरोबर ठरलंय. त्याच्या पुढच्या बघू." हे 'बघू' म्हणजे काय, ते मोठ्या माणसांना कळतं.

त्या आठवड्यात आजोबांची कटकट चालू होती की माठातलं पाणी कोमट लागतं. मी लक्ष दिलं नाही, कारण आमटीलाही ते रोज काहीतरी म्हणतात. शेवटी त्यांनी पेला माझ्या हातात दिला.

"पिऊन बघ. यात चहाची पूड टाकायची बाकी आहे."

"माठ जुना झाला असेल. पाझरत नसेल."

"चैत्रात घेतलेला माठ जुना झाला? त्या तुझ्या कपाटाने शेक दिलाय त्याला."

पाणी खरंच कोमट होतं. तपासायला म्हणून कॉम्प्युटर सकाळपासून चालू होता. मी त्याच्या मागे हात घातला तर भिंत तवा नुकताच उतरवलेल्या शेगडीसारखी गरम. मागच्या पंख्याने टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटत होती, वर फडताळ असल्यामुळे अडकत होती आणि फिरून पुढच्या पंख्यांतून परत आत जात होती. माठ तिथे थंड राहायचा, कारण तो पाझरतो आणि स्वतःची उष्णता करत नाही. कॉम्प्युटर उष्णता करतो. त्याला थंड भिंत नको होती, गरम हवेला जायला वाट हवी होती.

आम्ही दोघांनी तो उचलून हॉलमध्ये तिवईवर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे, गॅलरीच्या दाराशेजारी. गेमच्या सेटिंगमध्ये एक मर्यादाही घातली, की माझा जुना मॉनिटर सेकंदाला जेवढी चित्रं दाखवू शकतो त्याहून जास्त कार्डाने काढायची नाहीत. नाहीतर कार्ड फुकट राबतं आणि तापतं. आमच्या मागच्या गल्लीत माग चालतात, कापसाची पिंज उडत असते. ती जाळीवर बसते, म्हणून दर शनिवारी कोरड्या ब्रशने झाडायचं ठरवलं.

रविवारी धाकटा एकटाच आला. आम्ही दोघांनी कुंपण दुरुस्त केलं, लांडगे हाकलले. तासाभराने नदीच्या पलीकडे थोरली दिसली. मैत्रिणींचं लवकर आटोपलं, म्हणाली.

"आजी, तू अजून आहेस?"

"आहे."

"बंद नाही पडला?"

"नाही पडला."

मग तिने फावडं घेतलं आणि माझ्या शेताच्या कडेने चर खणायला लागली. खणता खणता म्हणाली, "ती मैत्रीण आहे ना, ती आज आली होती." आणि सांगत राहिली.

धाकट्या, तुझा कॉम्प्युटर कपाटात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नकोस, एवढंच सांगायचं होतं.

आता थोरली कॉलेजात आहे, तिला दर रविवारी जमत नाही. माझ्या कॉम्प्युटरचे पुढचे दोन पंखे बदलले, मागचा पहिलाच आहे. जमेल त्या रविवारी ती येते. आपल्या गावातली तिघांची घरं अजून उभी आहेत.