गिळली की थुंकली?

संध्याकाळची बस आमच्या गावच्या फाट्यावर थांबली आणि कुंजीलाल भाऊजी खाली उतरले, तेव्हा त्यांच्या पिशवीतून लाल लाल काहीतरी गळत होतं. फाट्यावर दारूबंदी समितीच्या बाया उभ्या होत्या. त्यांतली भूमेश्वरी "रगत! रगत!" म्हणून एवढ्यानं ओरडली की ड्रायव्हरनं गाडी बंद केली. पण समितीची अध्यक्ष, म्हणजे भाऊजींची बायको आणि माझी मोठी बहीण गिरजाबाई, जिला मी नुसतं बाई म्हणतो, ओरडली नाही. तिनं पिशवी हातात घेतली आणि हुंगली.

बाईच्या नाकाला आमच्याकडे सगळे टरकून असतात. रोज संध्याकाळी समितीच्या बाया फाट्यावर उभ्या राहतात आणि बसमधून उतरणाऱ्या प्रत्येक पुरुषाला "हा कर" म्हणतात. त्यानं मुकाट्यानं तोंड उघडून श्वास सोडायचा. वास आला, तर येत्या रविवारी मारुतीच्या पायरीला हात लावून सगळ्या गावासमोर शपथ घ्यायची. गावातल्या अट्टल पिणाऱ्या बकारामनं कच्चा कांदा खाऊन पाहिला, कडुलिंब चावून पाहिला, पण बाईनं त्याला तरीही पकडलंच.

तर बाईनं पिशवी हुंगली. पुन्हा हुंगली. दारू होती हे नक्की, पण मोहाची नव्हती, देशीही नव्हती. बाईच्या चेहऱ्यावर असा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता.

"हे काय होय?"

"वाईन," भाऊजी म्हणाले. "नाशकच्या मळ्यावरल्या पोरीनं शिशी भेट देली. रस्त्यात फुटली."

"तुमी पेता?"

"नाई. चाखतो. अन् मंग थुंकून देतो."

आता यावर माणसानं काय बोलावं? मी तिरोड्याच्या शाळेत भूगोल शिकवतो, जगातले वारे आणि प्रवाह मला तोंडपाठ आहेत, पण दारू तोंडात घेऊन थुंकणारा माणूस मला कोणत्याच खंडात भेटला नव्हता.

भाऊजी म्हणजे तिरोडा डेपोचे रिटायर कंडक्टर. जन्मात दारूला शिवले नव्हते. खऱ्र्याचा नाद मात्र जबर. सुपारी-तंबाखू घोटलेली ती पुडी गालात असायची आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून ते अशी अचूक पिचकारी मारायचे की मागच्या सीटवरचा माणूस कोरडा राहायचा. आयुष्यभर "कुठं जायचं?" आणि "पुढं सरका" एवढीच दोन वाक्यं बोलल्यामुळे असेल, घरी ते गप्पच असत. भात वाढला की जेवायचे, ताट उचललं की उठायचे. बाईनं खऱ्र्यासाठी त्यांना किती शिव्या घातल्या असतील, त्याला गणती नाही. आणि मागच्या वर्षी एक दिवस त्यांनी तो आपणहून सोडला. बाई तेव्हा मला म्हणाली होती, "गजा, यायले का झालं रे? तब्येत तं बरी आहे ना?" तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

त्यांचा मुलगा हिमांशू नाशकात कारखान्यात आहे. त्यानं एका रविवारी वडिलांना द्राक्षाचे मळे दाखवायला नेलं, तिथं वाईन चाखायला देतात. झालं! तेव्हापासून भाऊजी नाशकाला गेले की मुलाच्या घरी कमी आणि मळ्यांवर जास्त. आधी एक वायनरी, मग दुसरी, मग दिंडोरीकडची तिसरी. गावात मात्र "नातीले पाहाले जातो" एवढंच.

बाई पेचात पडली. शपथ द्यावी, तर नवऱ्याला गावासमोर गुन्हेगार म्हणून उभं करायचं. न द्यावी, तर ज्यांना ज्यांना तिनं पायरीला हात लावायला लावला, त्यांना उद्या कोणत्या तोंडानं अडवायचं? बकाराम तर चौकात म्हणतच होता, "आमाले शपथ, अन् कंडक्टरले शिशी!" शेवटी बाईनं मला बोलावलं. नातीचा वाढदिवस होता, भाऊजी जाणारच होते.

"तू संगं जाजो. थे तिथं गिळतात का थुंकतात, डोऱ्यानं पाहून येजो. तुह्याच साक्षीवर मी काय थे ठरवीन."

भूगोलाच्या मास्तरला हे काम! पण बाईपुढं माझं काही चालत नाही. विदर्भ एक्स्प्रेसनं आम्ही निघालो.

वायनरीत उंच टेबल, उंच स्टूल. भाऊजी त्यावर सरावानं चढले, माझे पाय लोंबत राहिले. टीना नावाची एक पोरगी आली. "काका, या! या वेळी पाव्हणे आणले?" म्हणाली. भाऊजी चक्क लाजले. तिनं काचेच्या ग्लासात तळ जेमतेम ओला होईल एवढी पांढरी वाईन ओतली. ग्लास दांडीला धरायचा, तिरपा करायचा, गरगर फिरवायचा, त्यात नाक घालायचं, मग घोट तोंडात घोळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. भाऊजींनी सगळं बिनचूक केलं. थुंकण्याचं तर विचारूच नका. मी थुंकलो ते माझ्याच शर्टावर.

"काय वाटलं?" तिनं मला विचारलं.

"आंबट," मी म्हणालो. दुसरं काय वाटणार?

मग ती भाऊजींकडे वळली. "काका, तुम्हाला?" आणि गप्प उभी राहिली. भाऊजींनी डोळे मिटले. मागच्या टेबलावरचे लोक हाका मारत होते, तरी ती हलली नाही.

"बोदलकशाचं पानी उतरलं ना," भाऊजी सावकाश म्हणाले, "की काठचा चिखल वारते. त्यावर सकारी उन पडते. तसं."

"वा!" ती म्हणाली.

मला काही सुधरेना. द्राक्षाच्या रसात आमच्या बोदलकसा तलावाचा चिखल कसा येईल? मी तिला तसं स्पष्ट विचारलं. ती हसून म्हणाली, "सर, ज्याला जे आठवतं ते खरं. यात चुकीचं काही नसतं." ज्यात उत्तर चुकतच नाही असा विषय शिकवायला पगार मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं. भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "मले बी समजत नाई मास्तर. पहिल्यांदा आलो तवा तीनदा 'बरी आहे' मनलो. तिनं इचारलं, बरी म्हणजे कशी? अन् मले सांगताच येईना. मंग ते मनली, खर्रा सोडा काका, जिभीले काही सांगू द्या."

गुलाबी झाली, मग शेवटी लाल आली. पोरीनं विचारलं, "काका, ही?" भाऊजींनी घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी सापडत होतं आणि निसटत होतं. बराच वेळ गेला. मग मी पाहिलं, त्यांच्या गळ्याची घाटी खाली गेली आणि वर आली.

गिळली.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी धड बोललो नाही. खोटं बोलावं तर बाई, खरं बोलावं तर भाऊजी! असल्या भानगडीत माणसानं पडूच नये.

रविवारी मारुतीच्या देवळापुढं सगळं गाव जमलं. बाई पायरीजवळ उभी, भाऊजी समोर. मी सांगायला सुरुवात केली, तर बकारामनंच मध्ये तोंड घातलं. "थुंकली तं पेलीच नाई! मंग मी बी थुंकत जातो, चालन का?" लोक हसले. भूमेश्वरी म्हणाली, "तोंडात गेली म्हंजे पेलीच." कोणी म्हणालं, खर्रा तोंडात धरला तर खाल्लाच ना? कोणी म्हणालं, आपण मंजन करून थुंकतो, ते काय खाल्लं? पाहता पाहता अशी जुंपली की भांडण कशावरून आहे हेच कोणाला सांगता येईना.

"गजा," बाईनं आवाज चढवला. "थुंकली का गिळली?"

मी खाली पाहिलं. खरंच सांगतो, मला रडू येईल असं वाटलं.

"त्याले कायले इचारतेस," भाऊजी म्हणाले. "सगळ्या थुंकलो. शेवटची गिळली."

मागचे लोक ऐकायला पुढं सरकले.

"काऊन?" बाईनं विचारलं. आवाज अध्यक्षाचा नव्हता.

"त्या पोरीनं इचारलं, काका कसं वाटलं. मी सोधून राहिलो होतो. सोधता सोधता गेली पोटात."

"अन् तिथं जाता कायले? इतक्या दूर?"

भाऊजींनी डोकं खाजवलं. त्यांनाही हे नीट माहीत नसावं. "नाई सांगता येत," ते म्हणाले. "थे इचारते, कसं वाटलं. अन् इचारून मंग थांबते. मले कोणी थांबून इचारलं नाई कधी. गाडीत नाई, घरी बी नाई. म्हून जातो."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "पायरीले हात लावा." भाऊजींनी वाकून हात लावला, पुन्हा तोंडात दारू घालणार नाही म्हणाले. थुंकण्यापुरतीही नाही, हे बकारामनं मुद्दाम वदवून घेतलं. लोक पांगले. नियम सगळ्यांना सारखा, असं भूमेश्वरी अभिमानानं सांगत सुटली. माझ्या मनात मात्र, आता हा माणूस पुन्हा खऱ्र्याकडे वळणार आणि त्याला नुकती सापडलेली ती चार वाक्यंही जाणार, हेच घोळत होतं. बाईचा रागही येत होता आणि तिचं चुकलं कुठं, तेही सापडत नव्हतं.

जेवायला मी तिथंच होतो. बाईनं नव्या तांदळाचा भात केला होता, वर लाखोरीची डाळ. भाऊजींनी नेहमीसारखा पहिला घास घेतला. बाई एरवी वाढून चुलीकडे वळते. आज उभीच राहिली, हातात भाताचा चमचा तसाच.

"कसा लागला?"

"बरा आहे," भाऊजी म्हणाले आणि दुसरा घास उचलला.

"बरा म्हंजे कसा?"

भाऊजींचा हात थांबला. त्यांनी बाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ताटात पाहिलं. त्यांनी तो घास हळूच तोंडात ठेवला, घोळवला आणि डोळे मिटले. कपाळाला त्याच आठ्या पडल्या. बाई तशीच उभी.

"भात थंडा होऊन राहिला, बाई," मी म्हणालो.

"होऊ दे," बाई म्हणाली.