अंतऱ्यातली पेटी
स्पिरिटचा वास आला की बालीगंजच्या आमच्या फ्लॅटमधली एक दुपार आठवते. ऑफिसातल्या मित्राने त्याचे महागडे इन-इअर इअरफोन दोन दिवस ऐकून बघायला दिले होते आणि मी त्यांची रबरी टोकं स्पिरिटने पुसत होतो. आवाज पारखायला मी एकच रेकॉर्डिंग लावायचो, कारण ते मला पाठ होतं. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आई गायली होती आणि पेटीवर बाबा होते. अंतऱ्यात आई बेसूर झाली, असं बाबा वर्षानुवर्षं सांगत, आणि साध्या इअरफोनवर मलाही तसंच वाटायचं. या इन-इअरमध्ये मात्र दोघं वेगवेगळी ऐकू आली. आईचा सूर जागच्या जागी होता; बाबांचं बोट शेजारच्या पट्टीवर पडून घाईने सरकलं होतं. मी इन-इअर बाबांना दिले. त्यांनी तेवढा तुकडा तीनदा ऐकला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "अगं, तेव्हा पेटी चुकली होती." आई भाजी चिरत होती. "मला तेव्हाच ऐकू आलं होतं," ती म्हणाली आणि चिरत राहिली. आता माझे स्वतःचे इन-इअर आहेत. ते रेकॉर्डिंग लावतो तेव्हा बाबांची चूक येते आणि जाते. मी ऐकतो ती त्या चुकीनंतरही न अडखळलेली आई.