आतून लागलेली कडी

ती घटना विसरायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. पोलिसाच्या नोकरीत प्रेतं पाहिली, दंगल पाहिली, एकदा डोक्यावर सोडावॉटरची बाटली खाल्ली. पण ज्याला घाबरणं म्हणतात तसा मी एकदाच घाबरलो, आणि तेही कोर्टात, पंख्याखाली खुर्चीत बसून.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. लालबागच्या एका चाळीत खोली खाली करण्यावरून भांडण झालं आणि वस्तीतल्या एका दादानं म्हाताऱ्या भाडेकरूला जिन्यावरून ढकलून दिलं. म्हातारा जागीच गेला. दिवसाढवळ्या, चाळ भरलेली असताना. तरी पाहणारी एकच निघाली, तिसऱ्या मजल्यावरची एक विधवा काकी, मूळची मालवणकडची. बाकी सगळे त्या वेळी म्हणे मोरीत होते. खटला त्या एकटीच्या साक्षीवर उभा होता. ती फितूर झाली असती तर दादा सुटून पुन्हा त्याच चाळीत मिशीला पीळ देत फिरला असता.

साक्षीच्या महिनाभर आधी काकी घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. कुशीवर वळायलाही तिला माणूस लागे. चाळीला लिफ्ट नाही. सरकारी वकिलांनी अर्ज केला आणि कोर्टानं घरूनच, व्हिडिओवर साक्ष द्यायची परवानगी दिली. अटी अशा, की खोलीत काकी आणि कोर्टाचा कर्मचारी, तिसरं कोणी नाही, आणि सुरुवातीला कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीची माणसं साक्षीदाराकडे कसं बघतात ते मी आयुष्यभर पाहिलंय. म्हटलं, निदान तेवढं तरी चुकलं.

दोन दिवस आधी मसाल्याच्या गल्लीत मिरच्या कुटून देणारा एक डंकवाला, माझा जुना खबरी, भेटायला आला.

"साहेब, काकी फिरणार. नाक्यावर पैजा लागल्यात."

"कोण फिरवणार?"

"ते नाय माहीत. पण दादाची पोरं एकदम निवांत आहेत. कॅरम खेळतायत."

साक्ष तोंडावर असताना आरोपीची माणसं धावपळ करत असतील तर पोलिसानं समजावं की अजून काही बिघडलेलं नाही. ती निवांत असतील तर काम झालेलं असतं. मी लगेच काकीकडे गेलो. ती म्हणाली, "माका कोणी काय बोलूक नाय." मुलगा बाजूला उभा होता, कुरिअरच्या ऑफिसात नोकरीला, चाळिशीचा, गरीब स्वभावाचा. त्याला मी काही विचारलं नाही. धोका जिन्यानं वर येईल असं धरून मी जिन्याच्या पायथ्याशी साध्या कपड्यांत एक शिपाई ठेवला आणि स्टेशन डायरीला तशी नोंद करून मोकळा झालो. दिव्याखाली अंधार तो हा.

साक्षीच्या दिवशी अकराच्या सुमाराला कोर्टातल्या पडद्यावर काकी दिसली. खाटेवर, पाठीला उशा, मागं घराचं दार. कर्मचाऱ्यानं लॅपटॉप उचलून खोली दाखवली. कपाट, देव्हारा, मोरी, रिकामी खुर्ची. सगळं ठीक. शपथ झाली आणि नेटवर्क गेलं. दहा मिनिटांनी चित्र परत आलं. न्यायाधीश महाराजांनी खोली आधीच पाहिली होती, पुन्हा दाखवा असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी जिन्यावर तुम्ही काय पाहिलंत?"

"माका काय आठवत नाय."

"आरोपीला ओळखता?"

काकीनं पडद्याच्या डाव्या कडेला, लॅपटॉपच्या पलीकडं कुठंतरी पाहिलं. मग मान हलवली. "नाय."

आरोपीच्या पिंजऱ्यात दादा नखं बघत होता. मी पडद्यावर दुसरं काही सापडतंय का ते शोधत होतो, आणि माझी नजर दारावर गेली. दाराची वरची कडी लागलेली होती. आतून.

मी परळच्या चाळीत वाढलोय. चाळीत दिवसा कोणी कडी लावत नाही, लागलीच तर शेजारी विचारतात, काय झालं म्हणून. पण ते राहू द्या. कोर्टाचा कर्मचारी तर खिडकीतून बाहेर गॅलरीत पाठमोरा दिसत होता. जी बाई कुशीवर वळू शकत नाही, तिनं दाराची वरची कडी लावली कशी? आणि तिनं नाही लावली, तर खोलीत कोण आहे?

मी सरकारी वकिलांच्या कानाशी गेलो. "साहेब, कडी बघा." त्यांना क्षणभर कळेना. कळल्यावर ते ताडकन उभे राहिले. बचावाचे वकील म्हणाले, वाऱ्यानं लागली असेल. न्यायाधीश महाराज पुढं वाकून शांतपणे म्हणाले, "आजी, दाराला कडी कोणी लावली?"

काकीनं पुन्हा डाव्या कडेला पाहिलं. मी शिपायाला फोन लावला, वर धाव म्हणालो. तीन मजले. थोड्या वेळानं पडद्यावर ते दार हादरताना दिसलं. बाहेरून धडका बसत होत्या आणि आतून कोणी उघडत नव्हतं. काकीनं डोळे मिटून घेतले. खोलीतल्या माणसाच्या हातात सुरा आहे की काय, कोणाला ठाऊक! सगळं कोर्ट, मी, माझा हुद्दा, सगळे तिच्याकडे बघत बसलो होतो आणि कोणालाही हात लांब करून तिला वाचवता येत नव्हतं. घाबरलो म्हटलं ते तेव्हा. तेवढ्यात पडदा काळा झाला.

सहा-सात मिनिटांनी शिपायाचा फोन आला. "सर, काकी ठीक आहेत. आत त्यांचा मुलगाच होता."

झालं होतं ते असं. लॅपटॉपला नेट फोनवरून मिळत होतं आणि रेंज फक्त गॅलरीत येत होती, म्हणून कर्मचारी बिचारा फोन हातात धरून कठड्याशी उभा राहिला. ती संधी साधून मुलगा आत शिरला आणि कडी लावली. लॅपटॉपच्या मागं उभं राहून तो आईला हात जोडत होता. सुरा नव्हता, शिवी नव्हती. नुसते जोडलेले हात.

ठाण्यात आणल्यावर मी त्याच्यावर आवाज चढवला. चूक केली. मुळात भ्यालेल्या माणसाला आणखी भीती घातली की तो दगड होतो. दोन तास तो टेबलाकडे बघत राहिला, चहावर साय धरली. शेवटी त्याची बायको आली. तिनं माझ्याकडे न बघता स्वतःचा फोन टेबलावर ठेवला.

"हे नाय बोलणार. तुम्हीच बघा."

दोन दिवसांपूर्वी नवऱ्याच्या फोनवर एक फोटो आला होता. एकदा उघडला की आपोआप पुसला जाणारा. त्यात त्यांची आठ वर्षांची मुलगी शाळेच्या फाटकात उभी होती. त्यानं बायकोला दाखवायला पुन्हा उघडला तर काहीच नाही. साक्षीच्या सकाळी दुसरा आला तेव्हा ती मागंच उभी होती. तिनं त्याच्या फोनच्या पडद्याचाच आपल्या फोनवर फोटो काढून ठेवला. पोरगी वाकून बुटाची नाडी बांधत होती. खाली लिहिलं होतं, "आजीची आठवण कच्ची आहे ना?"

"म्हणून हे आत गेले," ती म्हणाली. "मला विचारलं असतं तर मीपण गेले असते, साहेब."

मलाही नात आहे.

फोनचा पंचनामा झाला, पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलं. त्यातली हॅश व्हॅल्यू, फोटोत फेरफार झालेला नाही हे पटवणारा तो लांबलचक आकडा, म्हणजे काय ते सायबरच्या महिला उपनिरीक्षकांनी मला दोनदा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. कोर्टानं ती साक्ष बाजूला ठेवली आणि संरक्षण देऊन नव्यानं घ्यायचा हुकूम दिला. त्याआधी पोरीला कोकणात आजोळी पाठवलं. मग काकी खुर्चीत बसून, चार माणसांच्या खांद्यावर जिना उतरली, कोर्टात आली आणि दादाकडे बोट दाखवून सगळं सांगितलं. त्याला जन्मठेप झाली. नंतर मी तिला विचारलं, भीती नाही वाटली?

"भियालंय मां. अजून भियतंय. पण तो म्हातारो पडताना माझ्याकडेच बघत होतो."

फोटो पाठवणारा आम्ही पकडला, दादाचा दूरचा भाचा. पण फोटो त्यानं काढलेला नव्हता. त्यालाही कुठून तरी आलेला. फाटकासमोर उभं राहून तो कोणी काढला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या वेळी धमकी द्यायला माणूस यावा लागे. त्याला चेहरा असे, तो जिना चढे, जिन्यावर शिपाई ठेवता येई. आता न्याय पडद्यावरून घरात येतो ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच वाटेनं भीतीही आत येते आणि तिच्यासाठी शिपाई कुठं उभा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं की साक्षीदाराला जपायचं तर आधी त्याच्या घरातला सर्वांत भ्यालेला माणूस शोधावा. मी त्याच्यासमोर उभा होतो आणि त्याला एक शब्द विचारला नव्हता.

निवृत्तीनंतर एकदा काकीला भेटायला गेलो. काठी घेऊन चालू लागली होती. नात अजून कोकणातच. तिकडच्याच शाळेत नाव घातलंय. काकीनं चहा पुढं केला, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, "साहेबानू, तिका आता आणू काय?"

सून हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. मुलानंही मान वर केली. तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. 'आणा' एवढंच म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणता आलं नाही.