लेकरांना नाही कसं म्हणायचं?

नियम करणाऱ्यालाही ओशाळं वाटावं इतक्या निष्ठेनं नियम पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा साडू निघाला. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कवठे महांकाळजवळच्या आपल्या गावी परतले आणि घरची मेंढरं सांभाळू लागले. पण निवृत्ती झाली ती फक्त कागदावर. त्यांची मेंढरं अजूनही रांगेत पाणी पितात. चारी दिशांना बाभळीशिवाय कोणी नसलेल्या माळावरही ते मोटारसायकल वळवताना हात दाखवतात. "इथे बघायला कोण आहे?" असं मी एकदा विचारलं, तर "मी हाय की," म्हणाले.

अशा माणसाने फोनवर व्हिडिओ करायला घेतले. लोकर कशी कातरावी, खुरं कशी तासावीत, विहिरीची मोटर पाणी उचलेनाशी झाली तर काय करावं, असे विषय. बोलणं परेडच्या आवाजात, उभं राहणं कायम सावधान. बघणारे पुष्कळ जमले. त्यांतली सर्वांत नेमाची प्रेक्षक म्हणजे माझी बायको, त्यांची धाकटी मेहुणी. साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात डब्याला फोन टेकवून ती प्रत्येक व्हिडिओ पाही आणि खाली न चुकता एक ओळ लिही. कौतुकाची एकही नाही. "दाजी, टॉवेल कुठाय? ऊन लय हाय." "दाजी, मेंढरालाबी जरा बोलू द्या की." त्यावर साडूंचं उत्तर ठरलेलं असे, "हुकूम मंजूर." आणि पुढच्या व्हिडिओत टॉवेल नसेच.

पुढे व्हिडिओच्या कंपनीकडून सूचना आली की लहान मुलांचा खाजगीपणा जपा. झालं, माळावर फौजी अंमल सुरू झाला. शेजारचं पोर कॅमेऱ्याच्या चौकटीत शिरलं की "थांब!" अशी गर्जना होई आणि मेंढरं जागच्या जागी खिळत. पोराचा बाप दूरच्या बांधावर असला तरी साडू तिथवर चालत जात आणि विचारत, "तुमच्या लेकराची पाठ दिसतीया. चालंल न्हवं?" नातवाचा चेहरा दिसू नये म्हणून त्याला घोंगड्याची खोळ पांघरून उभं केलं, तेव्हा कित्येकांनी बुजगावणं छान झालंय असं कळवलं. एकदा तर त्यांनी नुकत्या जन्मलेल्या कोकराचं तोंड तळहाताने झाकलं. "तेबी लेकरूच हाय," ते कॅमेऱ्याला म्हणाले, "आन् आई चरायला गेलीया. इचारू कुणाला?" हे पाहताना ही इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली.

मग ही गेली. त्याला आता वर्ष होत आलं. ग्रंथालयात नोकरी करून पुस्तकांतच जन्म काढलेला माणूस मी, पण या वर्षात नेमानं वाचलं ते एवढंच: साडूंच्या व्हिडिओखालच्या हिच्या ओळी. दिवेलागणीला एक व्हिडिओ, एक ओळ. तेवढ्यावर रात्र निभे.

एका संध्याकाळी फोन उघडला. साडू सावधान उभे होते, पण खाली लिहून आलं होतं, "टिप्पण्या बंद आहेत." दुसरा व्हिडिओ उघडला, तिसरा उघडला. सगळीकडे तेच. फोनवर हे बोलता आलं नसतं. सकाळी मी एसटी पकडली.

साडू गोठ्यात होते. "आवं पाव्हणं, सांगावा न्हाई, काय न्हाई!" म्हणत त्यांनी बाज टाकली. मी विचारलं, त्यांनी अभिमानाने सांगितलं. कंपनी आता प्रत्येक व्हिडिओला, जुन्यालाही, विचारते, हा लहान मुलांसाठी आहे का? हो म्हटलं, की मुलांची माहिती कुणाच्या हाती लागू नये म्हणून खालचं लिहिणं-वाचणं बंद होतं. साडूंनी सरसकट हो म्हटलं होतं. मोटरीलासुद्धा.

"अहो, मोटर दुरुस्ती कुठलं मूल बघतं?"

"आलंच येखादं तर? 'तुज्यासाठी न्हाई, जा' म्हनून त्वांडावर सांगायचं व्हय? आमच्या घरात धारंच्या दुधाचा पयला घोट दारात आलेल्या लेकराचा, मग ते कुनाचंबी असू दे. लेकराला न्हाई कसं म्हनायचं, पाव्हणं?"

"तिथे हिने लिहिलेलं होतं," मी म्हणालो.

आतून साडूंच्या बायकोचा, माझ्या थोरल्या मेहुणीचा, आवाज आला, "तरी मी म्हनत हुते, मोटरीला व्हय म्हनू नगा!"

साडूंनी चष्मा पुसला, लिंबाखाली बसले आणि एकेक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहू लागले. आता पुन्हा न पाहता उत्तर देणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं. "खुरं तासनं. लेकरांसाठी न्हाई. माफ करा रं पोरांनो." प्रत्येक वेळी माफी मागत होते. आणि खाली त्या ओळी परत येत होत्या, जशाच्या तशा. "दाजी, टॉवेल कुठाय?" मी बाजेवर पाठ टेकली. किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला, ते घेतल्यावर कळलं.

एका व्हिडिओशी मात्र त्यांचा अंगठा थांबला. बेंदराच्या सणाला मातीचे बैल कसे करायचे, तो. "ह्यो खराच लेकरांचा हाय, पाव्हणं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमी म्हनत असाल तर..."

नियम मोडायला तयार झालेले साडू मी प्रथमच पाहत होतो. ते मला बघवेना. "राहू द्या," मी म्हणालो. ती ओळ मला पाठ होती: "दाजी, एका बैलाचं शिंग वाकडं झालंय. तसंच ठेवा, मला त्योच पायजे."

परवा त्यांचा नवा व्हिडिओ आला. भर दुपार, उघडा माळ, बोडकं डोकं. खाली बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, पण टॉवेलचं कुणीच नाही. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच लिहिलं, "पाव्हणं, टॉवेल कुठाय?"

उत्तर यायला वेळ लागला. "हुकूम मंजूर."

आज पुढचा आला. साडू सावधान उभे आहेत, आणि डोक्याला स्वच्छ पांढरा टॉवेल, नीट गुंडाळलेला. हिने इतकी वर्षं सांगून जे झालं नाही, ते झालं. ती असती तर तो त्यांनी बांधला नसता.