तेवढं विचारून ये

या जगात ज्या गोष्टी अजून कुणालाच ठाऊक नाहीत, त्या माझ्या नणंदेनं अजून कुणाला विचारलेल्या नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सगळं विचारून झालेलं आहे. पानशेतच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी. त्या वाडीत आज कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं, कुणाची सून माहेराहून दोन दिवस आधीच का परतली, धरणावर आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी मिसळ अर्धी का टाकली, सगळं वन्संना माहीत. आणि माहीत असून त्या कुणाला सांगत नाहीत, हे विशेष. इतरांच्या पोटात एक गोष्ट ठरत नाही, वन्संच्या पोटात अख्खा वेल्हे तालुका राहतो. मी भोरच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, रोज चाळीस पोरांना प्रश्न विचारले. पण प्रश्न विचारणं ही काय चीज आहे, ते मला या चौथी शिकलेल्या बाईनं दाखवलं.

एकदा आम्ही दोघी स्वारगेटहून भोरच्या एसटीत बसलो. वन्संना वरव्याला भाचीकडे उतरायचं होतं. शेजारी एक अनोळखी बाई. कात्रजचा बोगदा येईपर्यंत तिचं गाव, नवरा, जमीन झालं आणि खेड शिवापूरला तिच्या मुलाचं मोडलेलं लग्न सुरू झालं. वरवं आलं तेव्हा लग्न मोडायचं कारण अजून यायचं होतं. कंडक्टर ओरडतोय, "मावशी, वरवं!" मी कोपरानं ढोसतेय. वन्संनी हात हलवून त्यालाच गप्प केलं. त्या भोरपर्यंत गेल्या, कारण ऐकलं, उरलेल्या तिकिटाचे पैसे बिनतक्रार दिले आणि पुढच्या गाडीनं परत वरव्याला आल्या. डॉक्टरकडे गेल्या तर त्याचंही तेच. त्यानं कुठं दुखतं, कधीपासून दुखतं विचारलं की ह्यांचं सुरू, "तुमचं गाव कोन्तं? आई हाय का? संगं ऱ्हाती का?" बाहेर मी लाजून अर्धी झालेली, आणि ह्या पदर सावरत म्हणतात, "त्यानं आठ इचारलं, म्या आठ इचारलं. फिट्टंफाट."

मी चिडते, हे उघडच आहे. माझा स्वभावच तापट, त्यात मास्तरीण. "वन्सं, लोक काय म्हणतील?" असं मी किती वेळा म्हटलं असेल! पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचं उत्तर ठरलेलं, "भीड भिकेची बहीण, वैनी. आन् इचारलं न्हाई म्हंजी त्या मानसाला मोजलंच न्हाई." धरणाकाठी शहरातल्या एका जोडप्यानं शनिवार-रविवारसाठी बंगला बांधला, तर वन्सं पहिल्याच दिवशी आत शिरून सगळ्या खोल्या बघून आल्या. स्वयंपाकघरातल्या भांड्यांची झाकणंसुद्धा उचलून बघितली. "एवढ्या मोठ्या घरात तुमी दोघंच? मग भांडन झाल्यावर एकमेकास्नी सापडता कसं?" असं विचारलं म्हणे. जोडपं आधी भडकलं. आता त्यांच्या बंगल्याची किल्ली वन्संकडेच असते.

अशा बाईला जन्मात एकच मैत्रीण असावी, हे मला कधी कोडंच वाटायचं. शालनताई. दोघी आंबवड्याच्या, म्हणजे माझ्या सासरच्या. एका पाटीवर अक्षर गिरवलं, एकाच वर्षी लग्नं झाली आणि योगायोगानं एकाच वाडीत, भिंतीला भिंत लागून नांदल्या. चाळीस वर्षं एकीच्या चुलीवर काय शिजतंय ते दुसरीला वासावरून कळायचं. शालनताईंचे यजमान गेले आणि सहा वर्षांपूर्वी मुलगा त्यांना ऑस्ट्रेलियाला, ब्रिस्बेनला घेऊन गेला. "वरीसभरात येते," म्हणून गेल्या. पहिल्या वर्षी नातू झाला, दुसऱ्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन, मग काही ना काही. फोनवर रोज बोलणं, पण येण्याचा विषय काढला की शालनताई हसायच्या आणि "तिकडं पाऊस काय म्हन्तोय?" असं विचारायच्या. शेवटी मुलानंच वन्संना तिकीट पाठवलं, आणि सोबत इंग्रजी येणारं माणूस हवं म्हणून माझीही वर्णी लागली.

निघायच्या आधी आम्ही आंबवड्याला शालनताईंच्या थोरल्या भावाला भेटायला गेलो. आबा ऐंशीच्या पुढचे. ओसरीवर बाजेवर बसलेले. त्यांनी बहिणीसाठी काही दिलं नाही, काही मागितलं नाही. म्हणाले, "लई बोलू नगंस, एवढं एकच काम कर. शालन कधी येतीय, तेवढं इचारून ये. माझ्याच्यानं फोनवर इचारवत न्हाई. खरं काय ते कळलं म्हंजी मी मोकळा." वन्संनी छातीला हात लावून सांगितलं, "आबा, इचारायचं काम माझ्याकडं दिलंय न्हवं? झालं म्हनून समजा." ओसरीवरची सगळी मंडळी हसली. खरंच, या कामाला याहून लायक माणूस पुणे जिल्ह्यात नव्हतं.

ब्रिस्बेनमधले तीन आठवडे वन्संनी नुसता पंचनामा केला. दुकानात कोबी अर्धा का विकतात, घराला कुंपण आहे तर दार उघडं का, रस्त्यानं चालणारी माणसं आहेत कुठं? शालनताईंच्या शेजारी एक गोरे आजोबा एकटे राहायचे. सहा वर्षांत शालनताईंचं त्यांच्याशी हात हलवण्यापलीकडे काही झालं नव्हतं. वन्संनी तिसऱ्या दिवशी कुंपणावरून मला सांगितलं, "इचार त्येला, बायकू कुठंय?" मी म्हटलं, असलं इथं विचारत नाहीत. त्यावर त्यांनी स्वतःच हातानं डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली आणि भुवया उंचावल्या.  म्हातारा आत गेला आणि बायकोचा फोटो घेऊन आला. त्यानंतर दोन तास आम्ही कुंपणापाशीच होतो. तो इंग्रजीत बोलायचा, वन्सं मराठीत "आगं बाई!" म्हणायच्या. मी मध्ये असून नसल्यासारखी. मी मात्र रोज वाट बघत होते, वन्सं ते कधी विचारतात याची. रोज वाटायचं, आज विचारतील. दोघी परसात बसून शेंगा सोलायच्या, जुन्या गोष्टी निघायच्या, हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं, आणि तो प्रश्न तिथंच राहायचा.

निघायचा दिवस आला. आपल्याकडे निघणं म्हणजे काही एका झटक्यात होत नाही. "येते" म्हटल्यावर अर्धा तास दारात, मग पायरीवर, मग अंगणात, आणि खरं महत्त्वाचं बोलणं सुरू होतं ते गाडीचं दार उघडल्यावर. शालनताईंनी वन्संच्या तळहातावर दही घातलं. मुलगा सारखा मोबाईलवर वेळ बघत होता. कुंपणावरून म्हातारबाबांनी लिंबांच्या मुरंब्याच्या दोन बरण्या दिल्या. समोरच्या घरातल्या तेलुगू बाईनं तिच्या पुण्यातल्या बहिणीसाठी कसलंसं पुडकं दिलं. शालनताईंनी आबांसाठी स्वेटर, वाडीतल्या सात घरांसाठी सात पिशव्या. वन्संची बॅग मिटेना, तेव्हा त्यांनी स्वतःची दोन लुगडी काढून शालनताईंकडेच ठेवली.

विमानतळावर शालनताई आणि मुलगा सोडायला आले. काउंटरवर एक गोड चेहऱ्याची मुलगी होती. तिनं नेहमीचं विचारलं, बॅग तुम्हीच भरली का, कुणी काही न्यायला दिलंय का? मी मुकाट्यानं "नाही" म्हणून मोकळी होणार होते. पण वन्संनी माझा दंड धरला. "काय इचारती ती?" तीन आठवड्यांत त्या देशात पहिल्यांदा कुणीतरी ह्यांना आपण होऊन काही विचारत होतं. मला अर्थ सांगावाच लागला. वन्संचा चेहरा फुलला. "सांग तिला, माझं सवताचं ह्यात कायबी न्हाई. सगळं लोकांचंच हाय! आन् बॅग म्या न्हाई भरली, शालननं भरली." आणि बोटांवर मोजत एकेकाचं नाव सुरू. शेजारच्या बाबांचं, तेलुगू बाईचं... "त्या पुडक्यात काय हाय, ते मातर तिनं सांगितलं न्हाई," हेही प्रामाणिकपणे सांगितलं, तेही तिला नेमकं कळेल अशा खुणा करून. आली का पंचाईत! दुसरी एक बाई आली, आम्हाला बाजूला घेतलं, आणि बॅग टेबलावर उघडली. माझं तोंड रागानं लाल. पुडक्यात निघाली लहान मुलाची लोकरीची टोपी. सगळा पसारा बाहेर. शालनताई पुढं झाल्या आणि दोघी मैत्रिणी शेजारी उभ्या राहून एकेक कपडा झटकून, घडी घालून परत भरू लागल्या. पाऊण तास गेला. मी दातओठ खात म्हटलं, "एक 'नाही' म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" स्वेटरची घडी दाबत वन्सं हळूच म्हणाल्या, "म्हंजी लगीच आत जायला लागलं असतं."

मग मीही एक कपडा उचलला आणि घडी घालायला लागले.

आता पुढं शालनताईंना येता येणार नव्हतं. रांगेच्या दोरीपलीकडे त्या, अलीकडे आम्ही. वन्संनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "शाले, एक इचारू?" मला वाटलं, आला तो प्रश्न. शालनताईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या खाली बघायला लागल्या. वन्सं त्यांचा हात थोपटत म्हणाल्या, "सांजच्याला जेवायला काय करशील?"

शालनताईंनी मान वर केली. डोळे भरलेले, पण चेहरा असा सुटला, जसं काही कुणी डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. "खिचडी टाकीन गं," त्या म्हणाल्या. "लसनाची फोडनी दे वरनं," वन्सं म्हणाल्या, आणि वळून चालू लागल्या. मागं बघितलं नाही.

विमानात त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. शेजारी एक तरुण मुलगा रडवेला बसला होता. एरवी त्याची सात पिढ्यांची माहिती निघाली असती. हवाई सुंदरीनं "चहा की कॉफी" विचारलं तर नुसती मान हलवली. मला भीती वाटायला लागली, ह्यांना बरं नाही की काय. सिंगापूरला विमान बदलायचं होतं. तिथं बाकावर बसल्यावर मी सरळ म्हटलं, "वन्सं, आबांनी एकच काम सांगितलं होतं. तुम्ही ते का नाही विचारलंत?"

"परसात तिनं फनस लावलाय, बघितलास का?" त्या म्हणाल्या. मी बघितला होता. गुडघाभर उंचीचं रोप. मला त्यात काय कळणार? "कुंडीत न्हाई, भुईत लावलाय. आळं केलंय, भवतीनं दगडं लावल्यात. बी पेरलेल्या फनसाला फळ धरायला सात-आठ वर्सं जात्यात, वैनी. म्हागारी येनारी बाई मेथी लावती, कोथमीर लावती. फनस न्हाई लावत." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "पैल्याच दिशी दिसला मला. म्हनलं, मिळालं उत्तर. आता इचारलं तर शालनला खोटं बोलावं लागनार. आख्ख्या जन्मात माझ्याशी एकदाबी खोटं बोलली न्हाई ती. निघताना कशाला बोलायला लावू?"

मुंबईहून आम्ही सकाळी गाडी केली. वन्सं म्हणाल्या, आधी आंबवडं, मग वाडी. ओसरीवर सगळं गाव गोळा झालेलं. आबा बाजेवर. बहिणीनं पाठवलेला स्वेटर त्यांनी मांडीवर घेतला, हात फिरवला आणि विचारलं, "काय गं, इचारलंस? कधी येतीय म्हन्ली?"

मला वाटलं, आता ह्या फणसाचं सांगणार. सांगायलाच हवं होतं, आबांनी खरं मागितलं होतं. वन्संनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मांडीवरच्या स्वेटरकडे, आणि कपाळावर हात मारून घेतला. "आगं माझी बाई! आबा, तेवढंच इचारायचं ऱ्हायलं बघा. सगळं इचारलं, आन् तेवढंच इसरले!"

ओसरी हसण्यानं दणाणली. विमानात बसून साता समुद्रापार गेली आणि ज्या कामाला गेली तेच विसरून आली! ज्या बाईला वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या जिलेबीचे वेढे आठवतात, ती विसरली! आता आंबवड्यात आणि वाडीत तिची ही गोष्ट जो तो तिखटमीठ लावून सांगतो, पोरंटोरंसुद्धा "आत्या, इचारायचं इसरलीस न्हाई ना?" म्हणून चिडवतात, आणि वन्सं त्यांच्याबरोबर हसतात. माझ्या जिभेवर कितीदा खरं येतं. ओरडून सांगावंसं वाटतं, अरे मूर्खांनो, ती काही विसरत नाही. पण ते सांगायचं म्हणजे आबांना सांगायचं. तीस वर्षं मी त्यांना कमी बोला, कमी विचारा म्हणत आले, आणि आता त्या शिकवणीची मलाच लाज वाटते.

त्या दिवशी फक्त आबा हसले नव्हते. सगळ्यांचं हसून झाल्यावर ते स्वेटरची बटणं चाचपत म्हणाले, "आसू दे. फुडच्या खेपंला इचार."

"व्हय आबा," वन्सं म्हणाल्या. "फुडच्या खेपंला पैलं तेच इचारते." आणि त्यांच्या पाया पडायला वाकल्या, त्या बराच वेळ उठल्या नाहीत.