एका दिवसाचं फूल आणि सव्वीस फेटे

सहा वर्षं मी एका कुंडीत नुसती पानं वाढवली. झाड आयरिसचं, पण फुलाचा पत्ता नाही. आमचे हे त्याला 'तुझी लसणाची पात' म्हणायचे आणि बाल्कनीच्या त्या कोपऱ्यात व्यायामाची सायकल कशी नेमकी मावेल ते हातवारे करून दाखवायचे. सायकल अजून विकत घ्यायची होती. यंदा फेब्रुवारी संपता संपता त्या पातीतून एक कळी डोकावली. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी दुरूनच बघितलं, "पानाला गाठ आलीय" असं निदान केलं आणि पेपर वाचायला निघून गेले.

मी पुण्यातल्या शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आहे. माझ्या आवाजाला मागच्या बाकापर्यंत जायची सवय. पण त्या दिवशी आवाज कापला, इतकं ते लागलं. कोल्हापूरला दर वर्षी आयरिस लावणाऱ्यांच्या मंडळाचा मेळावा आणि प्रदर्शन भरतं, यंदा ते पुढच्याच शनिवार-रविवारी होतं. त्यांच्या फोनवरच्या गटात मी होतेच. मी म्हणाले, "तिथल्या माणसांनी फूल म्हटलं तर?" "तर सायकल रद्द," हे म्हणाले. "नाहीतर सोमवारी कुंडी गच्चीवर." आमच्या गच्चीवर टाकीचं गळकं पाणी, दिवसभराचं ऊन आणि कबुतरांचं राज्य. तिथे माझं झाड आठवडाभरही टिकलं नसतं.

एक अडचण इथेच सांगते. माझ्या झाडाच्या जातीला चालती आयरिस म्हणतात. फूल येऊन गेलं की त्या दांड्यावर छोटं रोप येतं, दांडा वाकतो, रोप मातीला टेकून मूळ धरतं आणि झाड एक पाऊल पुढे सरकतं. पण फूल सकाळी उमलतं आणि त्याच संध्याकाळी मिटतं. प्रदर्शन रविवारी होतं. कळीची जाडी बघून मी रविवारच धरला आणि शुक्रवारी सकाळी कुंडी मांडीवर घेऊन कोल्हापूरच्या एसटीत बसले.

कंडक्टर कोल्हापूरचा होता. त्यानं कुंडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती वर्सांचं हाय?"

"सहा."

"मग हाफ तिकीट लागतंय की."

चेहऱ्यावर हसू नाही. मी पर्स उघडायला लागले तेव्हा कुठे तो पुढे सरकला. मागच्या सीटवरच्या बाईंनी चौकशी केली, मी कळीची हकीकत सांगितली, आणि ती माझी चूक झाली. "वारं लागंल की तिला," असं म्हणून त्यांनी खिडकी लावली. मग पुढच्यांनी लावली. सातारा मागे पडेपर्यंत गाडीच्या सगळ्या काचा बंद होत्या आणि सगळे निमूटपणे घाम पुसत होते. कराडला एक पैलतीरावर पोचल्यासारखे दिसणारे आजोबा उतरले, तेही कळीकडे बघून "नीट जावा" म्हणाले.

कोल्हापूरच्या स्टँडवर मंडळाचे अध्यक्ष शिवाप्पा अण्णा घ्यायला आले होते. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत (घाऊक विक्रीची पेढी) आहे. "या, या. वाटंत तरास न्हाय न्हवं झाला?" मी म्हणाले, अजिबात नाही. पण अण्णा कुंडीशी बोलत होते. माझ्याकडे ते नंतर वळले आणि माझी पिशवी घेतली.

मुक्काम त्यांच्याच घरी. त्यांच्या पत्नीचं नाव महादेवी, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. हे लिंगायत व्यापारी घर, माहेर-सासर दोन्ही सीमेकडचं. नात्यांची नावं कानडीत आणि भांडणं मराठीत, अशी वाटणी. कोल्हापूर म्हटल्यावर मी तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची मनाची तयारी करून गेले होते. इथे शाकाहार होता, पण आग्रहात काही फरक नव्हता. ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. मी तिसऱ्या भाकरीला ताटावर हात आडवा धरला.

"हात काडा वो ताई, मी वाढतो."

कोल्हापुरी बायका स्वतःबद्दल 'मी वाढतो, मी जातो' असंच बोलतात, आणि त्या बोलण्यापुढे नाही म्हणायची सोय नसते. चौथी भाकरी हाताच्या कडेनं ताटात आली. कुंडीलाही पाणी मिळालं, तीनदा. तिसऱ्यांदा मी अक्कांचा तांब्या धरला तेव्हा त्या दुखावल्या. पाव्हणं (पाहुणा) तहानलेलं ठेवायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता.

शनिवारी सकाळी मंडळाची सहल गगनबावड्याला. जीपमध्ये बाळू पैलवान भेटले. पंचावन्नच्या पुढचे, मान आणि खांदा यांच्यात सीमारेषा नाही. तालमीतून निवृत्त झाल्यावर ते आयरिसकडे वळले होते, आणि दोन्हीकडची माती एकच वापरत होते. आखाड्याची तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, कापूर. "पैलवान तयार हुतोय त्यात, मग फूल हुईना व्हय?" फूल होत होतं का, हे मी विचारलं. "अंग लई झकास धरलंय. फूल काय, येईल की," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले. मला एकदम जवळचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

घाटमाथ्यावर एका सदस्याच्या शेताच्या कडेनं झरा वाहतो. तिथे चिखलात पाय रोवून पाण्यातल्या आयरिस उभ्या होत्या, जांभळ्या, गुडघ्याच्या वर. इतक्या सहज फुललेल्या, की मला त्यांचा थोडा रागच आला. जवळून बघायला म्हणून मी पुढे झाले. कुंडी अर्थातच हातात होती, कारण ती मी जीपमध्ये ठेवायला तयार नव्हते. पाय सटकला. पैलवानांनी झेप घेतली आणि कुंडी वरच्या वर झेलली. मला कुणी झेललं नाही. मी बसल्या जागी चिखलात असताना दहा-बारा माणसं कुंडीभोवती गोळा झाली.

"लागलं काय वो?"

"न्हाय, कळी शाबूत हाय."

अक्कांचं नऊवारी लुगडं नेसून मी दुपारच्या कार्यक्रमाला गेले. गुळाच्या अडतीत, ढेपांच्या रांगांमध्ये, मातीचा दवाखाना भरला होता. प्रत्येकानं आपली माती पिशवीतून आणायची आणि गारगोटीहून आलेल्या सरांना दाखवायची. सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, उद्याचे परीक्षक, कडक. चिमूटभर माती बोटांत चोळून ते माणसाचा सगळा स्वभाव सांगत. "कंद किती खोल लावला?" असं त्यांनी विचारलं, की समोरचा बोटांनी वीतभर दाखवायचा. सगळ्यांच्या घरी उसाची शेती, त्यामुळे जमिनीत जाईल ते कांडं समजून गाडायचं आणि पाट सोडून द्यायचा, हे हाताला पडलेलं वळण. "अहो, त्याची पाठ उन्हाला दिसली पाहिजे," सर दर वेळी सांगत. दर वेळी सगळे माना हलवत. हे सर दर वर्षी सांगतात असं कळलं. शेवटी कंदांची अदलाबदल झाली आणि मला न मागता सात कंद आणि एक गुळाची ढेप मिळाली.

रविवारी सकाळी सातला अक्कांनी मला हाक मारली. परसात, तुळशीशेजारी, कळी उमलत होती. बाहेरच्या तीन पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, त्यांच्या बुडाशी तपकिरी पट्टे, आणि मध्ये आतल्या बाजूला वळलेल्या तीन निळ्या पाकळ्या. वासही होता, हलका, थोडा गोड. मी रडले. अक्का पण रडल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग अण्णा आले आणि घाईघाईनं आत जाऊन टोपी घालून पुन्हा आले.

दहाला मंगल कार्यालयात पोचलो. टेबलावर कुंडी मांडली, शेजारी चिठ्ठी लावली. आता सरांनी यावं, बघावं, कार्डावर लिहावं, एवढंच माझं मागणं होतं. पण व्यासपीठावर सव्वीस खुर्च्या होत्या. आधी सत्कार. मंडप देणारे, खुर्च्या देणारे, गेल्या वर्षी खुर्च्या देणारे. प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि कोल्हापुरी फेटा, जागेवर बांधून. आणि फेटा बांधला, की त्या माणसानं दोन शब्द बोलायचे.

मी फेटेवाल्यांपाशी गेले. "जरा भराभर होईल का?"

"फेटा हाय त्यो, ताई," ते सुरकुती मोडत म्हणाले. "मफलर न्हवं."

मग अण्णांना गाठलं. परीक्षण आधी उरकता येईल का? अण्णा गंभीर झाले. सरांचा सत्कार पंचविसावा होता. सत्कार झाल्याशिवाय सरांनी व्यासपीठ सोडायचं म्हणजे सरांचा अपमान. सरांना आधी घ्यायचं म्हणजे तिसऱ्या नंबरवाल्यांचा अपमान, आणि ते अण्णांचे व्याही होते. बारा वाजले. नववा फेटा चालू होता. हॉल पत्र्याचा, उकाडा वाढलेला. पाकळ्यांच्या कडा किंचित आत वळल्या होत्या.

दोन वाजता माझं नाव पुकारलं. सतरावा सत्कार, 'लांबून आलेल्या भगिनी'. मी कुंडी उचलली आणि तिच्यासकट व्यासपीठावर गेले. फेटा बांधून घेतला. बांधणाऱ्यांनी सवयीनं उरलेलं कापड कुंडीलाही गुंडाळलं. दोन शब्द मी खरंच दोनच बोलले, "हे बघा," आणि कुंडी घेऊन खाली उतरले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकासमोर धरली. माणसं खुर्चीतून उठून बघत होती. बाळू पैलवानांनी हात जोडले. सगळ्यात शेवटी मी परत वर गेले आणि फूल सरांच्या नाकासमोर धरलं.

सरांनी डोळे गच्च मिटून घेतले.

"परीक्षणाच्या आधी प्रवेशिका बघायची नाही," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "नियम आहे."

"सर, एकदाच."

"पक्षपात होईल, बाई. न्या ते."

दीडशे माणसांनी माझं फूल बघितलं. ज्या एका माणसानं बघायला हवं होतं, तो डोळे मिटून प्रामाणिकपणे बसला होता.

साडेचारला सर पंचविसावा फेटा घालून टेबलाशी आले. फुलाची ओली वळकटी झाली होती. त्यांनी खूप वेळ पाहिलं, मग कार्डावर लिहिलं: 'फूल मिटले आहे. पाने उत्तम.' तासाभरानं मला पर्ण विभागात उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं. पर्ण विभागात. म्हणजे ह्यांचं म्हणणं शिक्का मारून माझ्याच हातात दिलं होतं. फोटो तरी असतील म्हणून गटावर शोधले. फोटो भरपूर होते. प्रत्येक फोटोत फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा फेटा होता, आणि त्याच्या तुऱ्यामागे कुठेतरी कुंडीची कड. मी स्वतः एकही काढला नव्हता. सकाळी रडण्यात राहून गेलं, मग फेटे मोजण्यात, आणि नंतर दोन्ही हातांत कुंडी होती.

मी मागच्या खुर्चीत जाऊन बसले. बाळू पैलवान शेजारी येऊन टेकले, खुर्ची कुरकुरली. मला राहवेना, मी सगळं सांगितलं. सायकल, गच्ची, कबुतरं.

"म्हंजी आमी एवड्यांनी बगितलं, त्ये काय बगणं न्हवं?"

"ते पुण्यात कोण ऐकणार, दादा?"

 पैलवान उठून अण्णांकडे गेले आणि दोघं बराच वेळ मेळाव्याचे नावनोंदणीचे कागद उलटत बसले. मला वाटलं, हॉलचा हिशेब असेल.

सोमवारी सकाळच्या गाडीनं निघाले. अक्कांनी भाकऱ्या बांधून दिल्या, कुंडीला पाणी घातलं, आणि माझ्याकडे बघून पुन्हा थोडं घातलं. वाटेत काचा उघड्या होत्या. वारा येत होता आणि मी घरी गेल्यावर प्रशस्तिपत्र कुठे लपवायचं याचा विचार करत होते. ते गुळाच्या ढेपेखाली बसेल असं ठरलं.

दुपारी दार ह्यांनीच उघडलं. कानाला फोन होता. "हो, हो, पोचली. हो, मानलं. अहो मानलं म्हणतोय ना," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि भिंतीला टेकले. नावनोंदणीच्या कागदावर तातडीचा संपर्क म्हणून मी ह्यांचा नंबर लिहिला होता. सकाळी आठपासून कोल्हापूर ह्यांना फोन करत होतं. हा बाविसावा होता.

"काय माणसं आहेत ही," हे म्हणाले. "एक म्हणतो म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय, झाडाला हात लावशीला तर पुण्याला येतो. दुसरा म्हणतो पांढरं, तिसरा म्हणतो निळं. कुणी पैलवान आहेत, ते म्हणाले वाघासारखे पट्टे. एक बाई नुसत्याच रडल्या. आणि ते गारगोटीचे सर, त्यांनी तर अर्धा तास घेतला. मी पाहिलं नाही म्हणाले, पण वास आला होता, आणि वास फुलाचाच होता, हे लेखी द्यायला तयार आहे म्हणाले."

मी उंबऱ्यात उभी होते, कुंडी कडेवर.

"सगळ्यांचं वेगवेगळं," हे म्हणाले. "मग होतं तरी कसं?"

सहा वर्षांत त्या झाडाबद्दल ह्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी कोल्हापूरला बक्षिसासाठी गेले असं मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर, मी एवढ्यासाठीच गेले असणार.  मग मी पिशवीसुद्धा खाली न ठेवता सांगायला लागले. रविवारच्या सकाळी सातपासून. ह्यांनी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं, आणि मध्येच बाहेर येऊन विचारलं, "निळं म्हणजे नेमकं कसलं निळं?" म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.